दक्षिणमुखी घर आणि मायचा ओटा

मला तयार घरांचा राग येतो, आणि मी तयार घरातच राहते. तयार घर म्हणजे गिऱ्हाईक ठरायच्या आधीच बांधून ठेवलेलं घर. आदिलाबादच्या बाहेर, जिथं पूर्वी कापूस उभा असायचा, तिथं आता अशा घरांच्या रांगा लागल्यात. बिल्डर शेत घेतो, त्याचे तुकडे पाडतो, चार-सहा घरं उभी करतो, फाटकावर तेलुगूत 'घर विकणे आहे' असं रंगवतो आणि वाट बघत बसतो. कोण येईल, त्याच्या घरी माणसं किती, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला काय लागतं, कशाचा पत्ता नसतो. घर मात्र सगळी उत्तरं देऊन बसलेलं असतं.

मी इथल्या एका मराठी शाळेत शिक्षिका आहे. नवरा बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीच्या ऑफिसात कारकून, तिथंच क्वार्टरमध्ये राहतो आणि जमेल त्या रविवारी येतो. मुलगी बासरला शिकते, होस्टेलवर असते. म्हणजे घरात मी आणि माझी माय. आम्ही भाड्यानं वरच्या मजल्यावर राहत होतो. मायच्या गुडघ्यांनी सोडचिठ्ठी दिल्यापासून ती जिना उतरलीच नव्हती. खिडकीला कपाळ टेकवून ती खालचा रस्ता बघत बसायची. ते पाहून मला शाळेतसुद्धा स्वस्थ बसवत नसे, म्हणून मी घर शोधायला निघाले.

"तुला कसं घर पायजे?" मी तिला विचारलं.

"मले काय करायचं हाये घरात? बसाले ओटा पायजे. जाता-येता मानूस दिसलं पायजे."

एवढंच. माझ्या मायनं पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला. मजुरी घ्यायला संध्याकाळी शेतमालकाच्या दारी जायची तेव्हा ओट्याच्या खाली उभी राहायची. ओट्यावर बसायचं नाही, हे कुणी सांगावंही लागत नसे. आम्ही बौद्ध, कोणी कुठं उभं राहायचं ते त्या गावात मोजून दिलेलं होतं. मी लहानपणी तिच्या लुगड्याला धरून तिथं उभी राहिलेली आहे, त्यामुळे तिला ओटा कशाला हवा हे मला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

पण तयार घरांना ओटा नसतो. मी सहा महिने घरं पाहिली, एकालाही नव्हता. समोर फरशी घातलेलं कार पार्किंग, त्याच्यापुढं पत्रा मारलेलं उंच फाटक. फाटक लावलं की रस्ता गायब. आमच्याकडे कार नाही. मी बिल्डरच्या माणसाला म्हटलं, इथं ओटा का नाही केला? तो म्हणाला, मॅडम, गिऱ्हाइकाला पार्किंग लागतं. मी म्हटलं, गिऱ्हाईक मी आहे. तो हसला आणि मला टीव्ही लावायची भिंत दाखवायला घेऊन गेला.

त्या सहा महिन्यांत मला एका माणसाचा भयंकर राग यायला लागला, आणि तो माणूस अस्तित्वातच नव्हता. ही सगळी घरं त्याच्यासाठी बांधलेली होती. त्याला कार होती. त्याला छताला जांभळे दिवे आवडायचे. त्याला ईशान्येला देवघर लागायचं, दारावर देवीची टाइल लागायची, आणि ती बिल्डर आधीच सिमेंटात पक्की बसवून ठेवायचा. त्याच्या घरात पुस्तकं नव्हती, कारण एकाही घरात पुस्तकांसाठी कोनाडा म्हणून नव्हता. त्याच्या घरात म्हातारं माणूस नव्हतं, कारण संडासाच्या दाराशी हमखास उंच पायरी असायची. त्या माणसाला कोणी कधी पाहिलेलं नाही, तरी त्याच्या शब्दाबाहेर एकही बिल्डर जात नाही. मी प्रत्यक्ष समोर उभी होते, पण माझं ऐकायला कोणाला सवड नव्हती.

मग प्लॉट घेऊन स्वतःच का नाही बांधलं, असं शाळेतल्या सगळ्यांनी विचारलं. विचारायला काय जातं! घर बांधायचं म्हणजे दिवसभर मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहायचं. मी वर्गावर उभी राहू की तिथं? नवरा परगावी. शिवाय बांधायला दीड-दोन वर्षं जाणार आणि मायकडे ती होती की नाही, कुणास ठाऊक. तयार घराचं एक खरं आहे, ते डोळ्यांनी दिसतं. भिंती उभ्या असतात, नळाला पाणी असतं, बँक लवकर हो म्हणते, पुढच्या महिन्यात सामान हलवता येतं. हे सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. भिंतींच्या खाली काय असतं ते दिसत नाही, हे मात्र मी वहीत लिहिलं नव्हतं.

शेवटी एक घर सापडलं. दोन वर्षं झाली तरी विकलं गेलं नव्हतं. आजूबाजूची पाचही गेली, हे एकटंच उरलं होतं, आणि भाव चांगलाच उतरवलेला होता. मी कारण विचारलं तेव्हा बिल्डर स्वतः आला. दाराचं तोंड दक्षिणेला आहे, म्हणून लोक घेत नाहीत, असं त्यानं सांगितलं. इथं दक्षिणमुखी घर म्हणजे लोक लांबून हात जोडतात. मग त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. भिंतीवर टांगायला म्हणून शाळेतून नेत असलेला बुद्धाचा फोटो माझ्या पिशवीतून डोकावत होता.

"मॅडम, आप लोग तो ये सब नहीं मानते ना? पढ़े-लिखे लोग."

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. आम्ही नाहीच मानत! पोरांना वर्गात मी दिशा शिकवते त्या सूर्यावरून शिकवते, यमावरून नाही. दोन वर्षं अख्ख्या गावाला एक चांगलं घर दिसत नव्हतं कारण डोळ्यांवर वास्तूची पट्टी, आणि मला दिसलं, याचा मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला फोन करून घर पक्कं म्हणून सांगून टाकलं. तो म्हणाला, बघ, तू म्हणशील तसं. कोणी टोकायला हवं होतं तेव्हा हा माणूस असा समजूतदार निघतो.

टोकलं ते मायनं. रजिस्ट्रीच्या आधी मी तिला, कसंबसं धरून जिना उतरवून, रिक्षानं घर दाखवायला तीन-चार वेळा नेलं. रिकामं घर राखायला बिल्डरनं एका वॉचमनचं कुटुंब ठेवलं होतं. यांची एक रीतच असते. घर विकेपर्यंत त्या घरातच एका खोलीत चूल मांडायची, विकलं की पुढच्या नव्या घरात जायचं. ज्याला आपण नवं घर म्हणतो त्यात कोणीतरी दोन वर्षं संसार केलेला असतो. वॉचमनची बायको सीमेकडच्या गावची, मराठी बोलणारी. मी टाइल्स मोजत आणि नळ सोडून बघत हिंडायची, तोवर माय तिच्याजवळ पार्किंगमध्ये गोणपाटावर बसायची.

परत येताना रिक्षात माय म्हणाली, "ते बाई म्हने, पावसाळ्यात दार लागत नाही. मिस्त्री येते अन् रंधा मारून जाते. दोनी वर्सं."

"लाकूड फुगतं माय पावसाळ्यात. सगळीकडंच."

"अन् आंगनात लाल मुरूम टाकेल हाये. म्या काठीनं खरडून पायलं. खाली काळी माती हाये."

"मग?"

"मंग काय मंग! काळी माती हालते, पोरी. उन्हाळ्यात हात जाईन एवढी भेग पडते अन् पावसाळ्यात फुगून येते. पाया किती खोल हाये ते तं इचार त्याले."

मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा राग आला. मला वाटलं, हिला दक्षिणेचं दार खुपतंय आणि ते तोंडानं म्हणता येत नाही म्हणून मातीचं निमित्त काढतेय. म्हणजे आयुष्यभर ज्या मातीत तिचे हात गेले तिच्याबद्दल ती बोलत होती, आणि मी तिला अंधश्रद्धेच्या खात्यात जमा करून मोकळी झाले. घर पडून का राहिलं याचं एक कारण माझ्या हातात होतं, ते मला आवडणारं होतं, दुसरं शोधायची मला गरजच वाटली नाही. आमच्यासारख्यांनीच करावी अशी ही चूक. वास्तू मानणारा माणूस ते घर पाहून फाटकातूनच परत गेला असता आणि वाचला असता.

घरात आलो. बुद्धवंदना झाली, खीर झाली. देवघराच्या चौकोनात मी पुस्तकं रचली. वॉचमनचं कुटुंब आपली भांडी घेऊन मागच्या रांगेतल्या नव्या घरात गेलं. आणि पहिल्या आठवड्यात मी पार्किंगची निम्मी फरशी उखडून ओट्याचं काम काढलं. पत्र्याचं फाटकही काढून साधं गजाचं लावलं. ओट्याचा मिस्त्री मायनं स्वतः बघितला. खुर्ची टाकून ती त्याच्यासमोर बसली. तो हातभर खणून थांबला, तर माय म्हणाली, "अजून." गुडघाभर झालं. "अजून." कमरेइतकं खणल्यावर खालचा पिवळा कडक मुरूम लागला, त्यावर तिनं काठी आपटून पाहिली आणि मगच दगड भरू दिले. मिस्त्री मला म्हणाला, मॅडम, एवढ्या पायावर तर मजला उभा राहील. मला हसू आलं होतं.

ओटा झाला. माय सकाळी आंघोळ करून तिथं बसायची ती ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा चारनंतर. भाजीवाली थांबे, शाळेची पोरं 'आज्जी' करून जात. पंधरा दिवसांत तिला त्या कॉलनीतली जेवढी माणसं माहीत झाली तेवढी मला आजही नाहीत. ते पाहिलं की वाटायचं, चला, काही का असेना, हे घर कारणी लागलं.

मग पावसाळा आला आणि दार लागेना. मी सुताराला बोलावलं, रंधा मारून घेतला. दिवाळीनंतर तेच दार एवढं सैल झालं की फटीतून बाहेरचा माणूस दिसायचा. उन्हाळ्यात हॉलच्या भिंतीत पायऱ्या-पायऱ्यांची भेग उतरली, खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत. आणि घर व ओटा यांच्यामध्ये एक फट पडायला लागली. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग चार बोटं जातील एवढी. मला वाटलं ओटा खचला. मी ओळंबा लावून पाहायला त्याच मिस्त्रीला बोलावलं. तो उकिडवा बसला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाला, ओटा जागचा हललेला नाही मॅडम, घर हललंय. बिल्डरनं पाया वरच्यावर, काळ्या मातीतच ठेवलेला होता. अख्ख्या घरात गिऱ्हाईक ठरल्यावर बांधलेली एकच वस्तू होती, आणि तेवढीच काय ती जागेवर उभी होती.

पण हे कुणाला सांगू? शेजारच्या पूर्वमुखी घरातले तेलुगू गृहस्थ भेग बघायला आले. मान हलवत म्हणाले, "मैंने बोला था ना मॅडम, साउथ फेसिंग." मी त्यांना माती सांगितली, पाया सांगितला, ओट्याच्या शेजारी नेऊन फट दाखवली. ते सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "हाँ हाँ. लेकिन साउथ है ना." त्यांच्या हॉलमध्येसुद्धा तशीच भेग आहे. तिच्यावर त्यांनी मोठं कॅलेंडर टांगलंय. भेग सगळ्या रांगेला पडली, दोष मात्र माझ्या एकटीच्या दाराला. शाळेत मी फळ्याकडे तोंड करून दिशा शिकवायला लागले की मागं व्हरांड्यात शाळेतले एक सर हळूच हसतात, असं मला वाटतं. हसत नसतीलही. माझ्या चिडण्याला आता पुरावा लागत नाही.

मी बिल्डरला फोन करत राहिले. तो उचलत नव्हता. उचलायला लागला तो एका वेगळ्याच कारणानं. आमच्या घराला लागून उरलेल्या तुकड्यावर त्यानं आणखी एक घर उभं केलं होतं, तेही दक्षिणमुखी, तेही गिऱ्हाइकाशिवाय. रविवारी लोक ते बघायला येत, आणि आमच्या ओट्यावर माय बसलेली असे. लोक तिला विचारत, आज्जी, कसं आहे इथं? आणि माय सांगत असे.

एका शुक्रवारी तो स्वतः घरी आला. खुर्चीवर बसून चहा घेतला. भेग नीट न्याहाळली. म्हणाला, भिंत पूर्ण दुरुस्त करून देतो, दाराची चौकट बदलून देतो, खालून सिमेंट भरून देतो, माझा मिस्त्री, माझा माल. फक्त बाजूचं घर विकलं जाऊ द्या. आणि मग आवाज खाली करून, "रविवार को अम्मा को थोड़ा अंदर बिठाइए, मॅडम. बस इतना."

मी त्याला हो म्हटलं. वर्षभर भेगेकडे बघून बघून मी थकले होते. मला ती भिंत सांधलेली हवी होती. आपल्या डोक्यावर छत पडेल की काय या भीतीनं मी मायची खाटसुद्धा भिंतीपासून ओढून घेतली होती. एक रविवार, दोन रविवार, त्यात काय एवढं, असं मी स्वतःला समजावलं.

रविवारी सकाळी मी तिला म्हटलं, "माय, आज आत बस. लोक येणार हायेत बाजूचं घर पाह्याले."

"काऊन? म्या काय केलं?"

मी तिला बिल्डरचं बोलणं सांगितलं. ती काठी टेकत उठली आणि आत गेली. मी म्हटलं, दार लोटून घे, भेग दिसते बाहेरून. तिनं दार लोटून घेतलं. माझी माय ओट्यावरून उठून गेली, माझ्या सांगण्यावरून, स्वतःच्या ओट्यावरून. तिथं उभ्या-उभ्या मला शेतमालकाचं दार आठवलं. पण मी तिला परत बोलावलं नाही.

पाऊस बारीक पडत होता. दहाच्या सुमारास एक तरुण जोडपं आलं, मुधोळकडचं. दोघंही नोकरीवाली, आमच्याच समाजाची. बिल्डरचा माणूस त्यांना घर दाखवून बाहेर घेऊन आला. ती मुलगी मला ओट्याशी उभी पाहून हसून जवळ आली.

"नमस्कार मॅडम. दक्षिणेकडे तोंड हाये म्हनून सस्तात देऊन राह्यले म्हने. आमी नाही मानत दिशा-बिशा." तिनं ते इतक्या ऐटीत सांगितलं की मला माझाच आवाज ऐकू आला. "तुमी तं राहूनच राह्यल्या. कसं हाये घर?"

बिल्डरचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "घर तसं..."

तेवढ्यात आतून दारावर काठीचे ठोके पडले. "पोरी, दार निघत नाही वं!" माय ओढत होती, दार हलत नव्हतं. पावसात ते नेहमीसारखं चौकटीत गच्च रुतून बसलं होतं. मी खांदा लावला. निघेना. आत माय एकटी आणि तिला गरज लागली तर संडासाची ती उंच पायरी, या विचारानं मी घाबरले. जोरजोरानं ढकलायला लागले. तो तरुण मुलगा चप्पल काढून धावला, दोघांनी मिळून तीन धक्के दिले तेव्हा कुठं दार आत गेलं, आणि त्याच्यामागं हॉलची ती भेग वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या समोर आली.

माय बाहेर आली. घर आणि ओट्यामधली फट तिनं सवयीनं काठी टेकून ओलांडली आणि आपल्या जागेवर बसली. घामेजली होती. त्या मुलीकडे बघून म्हणाली, "दिशेनं काही होत नाही, पोरी. खाली काळी माती हाये. पाया किती खोल हाये ते इचार यायले. अन् मांगच्या घरात वॉचमनची बायको हाये, तिले इचार. ते समदं सांगते."

मग ती माझ्याकडे वळली. "जाऊ का आता आत?"

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं. शेतमालकाला विचारायची तसं विचारलं, जाऊ का आता, म्हणून. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "नाही माय. बस तू." बिल्डरच्या माणसानं खिशातून फोन काढला आणि तो फाटकाबाहेर गेला. जोडपं मागच्या रांगेकडे गेलं, वॉचमनच्या बायकोला शोधत.

बिल्डरचा मिस्त्री आला नाही, येणारही नाही. दार पावसाळाभर आम्ही लावतच नाही, विटेनं टेकवून ठेवतो. बाजूचं घर अजून तसंच आहे. रविवारी फाटकाशी कोणी थांबलं की माय त्यांना ओट्यावर बोलावते, आणि मी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकते.